पिंपल्स म्हणजे घाण नव्हे, चेहरा घासणं थांबवा आधी

तो मेसेज परत फिरायला लागलाय. पिंपल्स म्हणजे रक्तातली आणि चेहऱ्यावरची घाण, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवा, लिंबू चोळा, पोट साफ ठेवा, पिकलं की फोडून "विष" काढा, आणि तरी नाही गेलं तर मेडिकलमधून ती गोरं करणारी ट्यूब आणा, दोन दिवसात फरक. बघू एकेक.

घाण म्हणे. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, वयात येताना हार्मोन्समुळे ती जास्त तेल सोडते, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं आणि आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात, जे तसे निरोगी चेहऱ्यावर पण सुखाने राहत असतात. पण तो लालपणा, ठणका, पू हे सगळं मुख्यतः आपल्याच इम्युन सिस्टीमचं काम आहे: ती जंतू ओळखते, इंटरल्युकिनसारखे सिग्नल सुटतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, छिद्राची भिंत फुटून आतला माल आजूबाजूला सांडला की अजून भडका. २००३ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी पिंपल्सवाल्यांची वरून चांगली दिसणारी त्वचा तपासली, तर तिथेही दाह, म्हणजे हाच आतला भडका, आधीच सुरू झालेला, बूच बसायच्याही आधी! आता ही कुठली घाण साबणाने निघणार? ब्लॅकहेडचा काळा रंग पण धूळ नाही, मेलॅनिन आणि हवा लागलेलं तेल आहे. माइल्ड फेसवॉश दिवसातून दोनदा, बास.

लिंबाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या. चुरचुरतं म्हणजे काम करतंय असं नाही, भाजतंय. आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला दाह झाला की मागे काळा डाग, तो महिनोन्‌महिने जात नाही. फोडायचं तर नावच नको. पू म्हणजे विष नाही, बराचसा मेलेल्या पांढऱ्या पेशी, आणि दाबला की अर्धा बाहेर येतो अर्धा आत खोल जातो, मग खड्डा.

पोटाचं सोडा. खाण्याचं मात्र थोडं खरंय, २००७ च्या ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रायलमध्ये साखर-मैदा टाइप खाणं कमी केल्यावर मुलांचे पिंपल्स कमी झाले होते.

आता ती ट्यूब. मला सगळ्यात जास्त राग हिचाच येतो, कारण दोन दिवसात फरक खरंच पडतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, स्टिरॉइड दाह दाबतं, लाली गायब, माणूस खूश, शेजारणीला पण सांगतो. मग महिनाभराने लावायची थांबवली की दुप्पट पुरळ, चेहरा लालबुंद, त्वचा इतकी पातळ की शिरा दिसतात, काही मुलींना तर गालावर लव वाढते. पिंपल्स कमी करायला लावलेलं स्टिरॉइड स्वतःच पिंपल्स आणतं! २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर मागितली की मिळतेच.

दाह खरंच कमी करणारी औषधं आहेत की. ॲडापॅलीन बूच पण उघडतं आणि दाह पण कमी करतं, बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, पण आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात आणि सुरुवातीला चेहरा कोरडा पडून सोलवटतो, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. ॲडापॅलीन गरोदरपणात नको, आणि आत दुखणाऱ्या गाठी असतील तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, व्रण पडायच्या आधी.