रेट विचारला की माल जुना, तारीख विचारली की ताजा

गाडीला नवे टायर शोधायला सोमवारी सुरुवात केली, आज शनिवार. कोल्हापुरातली शाहूपुरी झाली, लक्ष्मीपुरी झाली, तावडे हॉटेलपासून शिरोलीपर्यंत हायवेकडेची दुकानं झाली, आणि गाडी अजून त्याच गुळगुळीत टायरवर दारात उभी आहे.

पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी साबण लावल्यासारखी सरकली. मागं आई आणि पोरं. घरी येऊन टायरच्या खाचेत बघितलं, तर झीज दाखवणाऱ्या त्या बारक्या पट्ट्या रबराच्या बरोबरीला आलेल्या. म्हणजे खाच उरली फक्त 1.6 मिलिमीटर. ठरवलं, चारही बदलायचे.

मला काय पाहिजे ते कंपनीनं दाराच्या खांबावर स्टिकर लावून लिहून ठेवलंय. 185/65 आर 15, 88 एच. म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची, 88 हा वजनाचा आकडा आणि एच वेगाचा. यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण पहिल्याच दुकानात, "साहेब, 195 टाका, गाडी रोडवर कशी बसती बघा." अहो, बसायला ती म्हैस आहे का! दुसऱ्यानं 65 च्या जागी 60 चा काढला, त्यावर 84 छापलेलं. "आकडा जरा इकडंतिकडं चालतोय की." काय चालतोय? 88 म्हणजे एक टायर 560 किलो वजन पेलतो, 84 म्हणजे 500. चारांचे मिळून 240 किलो कमी. आमच्या घरातली तीन माणसं खाली उतरवून ठेवू का?

घरचे सल्लागार वेगळेच. दाजी म्हणतात, "एमआरएफ टाक डोळे झाकून." शेजारच्या काकांचं म्हणणं, दोनच घे आणि पुढं टाक. दोनच घेतले तर नवे मागं टाकायचे असतात, ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली की गाडी गरकन फिरते, हे सांगायला गेलो. तर म्हणाले, "इंजिन पुढं हाय, तुला लय कळतंय." बरं, नाही कळत.

पण माझं खरं डोकं फिरलं ते तारखेवरून. टायरच्या अंगावर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3923 म्हणजे 2023 चा 39 वा आठवडा. ते दाखवा म्हटलं की दुकानदाराचा चेहरा असा होतो, जणू मी त्याच्या बायकोचं वय विचारलं. "ताजा माल हाय, कालच उतरलाय." मग दाखवा की! तर टायर वर माळ्यावर, पोरगं जेवायला गेलंय, शिडी दुसऱ्या दुकानात. एका ठिकाणी तर "तुम्ही च्या घ्या, तोवर बसवून टाकतो" म्हणाले. का, ते मला माहीत आहे. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली की गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही.

आणि रेट! 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हे काढल्यावर तोच माणूस, त्याच काउंटरवर, तेच तोंड घेऊन म्हणतो, "साहेब, हा जुना माल हाय, जुन्या टॅक्समधला." मी म्हटलं, कालच उतरला होता ना? टॅक्स विकायच्या दिवसाचा लागतो, माल कधी आणला त्याचा नाही. तर म्हणतो, "तुम्हाला टायर घ्यायचाय का परीक्षा द्यायचीय?"

वर नायट्रोजनचे वेगळे पैसे. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तो आजवर फुकट भरला. व्हॉल्व्हचे वेगळे, बॅलन्सिंगचे वेगळे, अलाइनमेंटला नंबर लावा. जुने चार टायर मात्र "राहू देत हितंच", त्याचा एक रुपया धरायचा नाही.

संध्याकाळी अजून एका दुकानात जाणार आहे. टॉर्च आणि जुनी सतरंजी डिकीत टाकलीय. च्या घेणार नाही. बसवताना तिथंच उभा राहणार, आणि वेळ आली तर गाडीखाली झोपून आकडा वाचणार. हसू देत सगळ्यांना.