आवाज ऐकला, धडक पाहिली नाही

साक्षीदाराने कोर्टात ठामपणे बोलावं, असं साक्ष देण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. दुचाकी-ट्रक अपघातात मी साक्ष दिली, तीही घटनेनंतर ३ वर्षांनी. उलटतपासणीत वकिलांनी ट्रकचा वेग विचारला. मी छातीठोकपणे "साठ" म्हणालो. पुढचा प्रश्न, "तेव्हा तुमचं तोंड कुठे होतं?" दुसरीकडेच होतं! आवाज ऐकून मी वळलो होतो. घामच फुटला. आडव्या पडलेल्या दुचाकीचं मागचं चाक गरगरत होतं, एवढंच मी खरं पाहिलेलं. तेवढंच सांगायचं, बाकीला सरळ "माहीत नाही".

१९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी अपघाताची फिल्म दाखवून प्रयोग केला होता. वेग विचारताना गाड्या 'धडकल्या'ऐवजी 'जोरात आदळून चिरडल्या' असं म्हटलं, की लोक वेग जास्त सांगत. आठवड्याने 'चिरडल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. 'धडकल्या'वाल्या ५० पैकी ७ जणांना. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या!

अपघाताच्याच रात्री वहीत चार ओळी खरडल्या असत्या तर माझी फजिती टळली असती. आणि हो, साक्षीआधी माझ्या कोर्टाच्या ५ खेपा फुकट गेल्या, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.