हॉर्न वाजतो, तरी संशय क्लॉक स्प्रिंगवरच का?

नमस्कार. गाडीतला एअरबॅगचा दिवा का लागतो यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि तुमचा राग अगदीच अनाठायी नाही. तुमचं म्हणणं असं: हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं ठणठणीत असताना मी क्लॉक स्प्रिंगकडे (फिरत्या स्टिअरिंगमधल्या वायरी खालच्या वायरिंगला जोडणारी डबी) बोट दाखवलं, तुम्ही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचा पिवळा प्लग काढून त्यात मीटर लावलात तर 0.3 ओहम आले, म्हणजे वायरिंगच शॉर्ट. ‘एअरबॅगला मीटर लावू नका’ हा माझा बागुलबुवा. आणि बॅगेच्या जागी 2 ओहमचा रेझिस्टर टाकला की दिवा जातोच, मग एवढा खटाटोप कशाला?

हॉर्नबाबत चूक माझी. हॉर्न बंद असेल तर क्लॉक स्प्रिंग बघा, एवढंच लिहून मी पुढे सरकलो. हॉर्न वाजतो म्हणून ती निर्दोष ठरत नाही, हे राहूनच गेलं. त्या गोल डबीत चपटी रिबन गुंडाळलेली असते आणि तिच्यात प्रत्येक सर्किटच्या पट्ट्या वेगळ्या. हॉर्नची शाबूत राहून एअरबॅगची तेवढी तडकते. शिवाय हॉर्नच्या बटणाला बहुतेक गाड्यांत फक्त रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ओढायचा असतो. वाटेत चार-पाच ओहम वाढले तरी त्याला पत्ताही लागत नाही. एअरबॅगचं सर्किट मुळात 2-3 ओहमचं. तिथे तेवढीच भर पडली की युनिट ‘रेझिस्टन्स हाय’ म्हणून दिवा लावतं.

आता तुमचे 0.3 ओहम. युनिटने नोंदवलेला तुमचाच दोषाचा कोड ‘हाय’चा आहे ना? मग मीटरवर शॉर्ट कसा? पिवळ्या प्लगच्या आत एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते, शॉर्टिंग बार. प्लग युनिटमधून निघाला की ती दोन्ही पिना आपसात जोडते, म्हणजे स्थिर विजेने बॅग उडू नये. तुम्ही मोजलंत ते वायरिंग नव्हेच, ती पट्टी. मीटरचा करंट एअरबॅगपर्यंत जवळजवळ पोचलाच नाही. बॅग न उडण्यात त्याचाही वाटा आहे, हे लक्षात घ्या.

बाकी आकडे तुमच्या बाजूने आहेत, हे कबूल. बॅगेतला स्क्विब (बॅग उडवणारी ठिणगी देणारा भाग) पेटायला साधारण 1.2 अँपिअर लागतात, आणि नेहमीचा डिजिटल मीटर एखादा मिलिअँपिअर सोडतो. पण जुना काट्याचा मीटर खालच्या रेंजवर 100 मिलिअँपिअरच्या वर जातो, आणि वाचणाऱ्याच्या हातात कुठला मीटर आहे हे मला दिसत नाही. इशारा राहील.

रेझिस्टरवर मात्र मी मुळीच ऐकणार नाही. तो तपासणीपुरता. बॅटरी काढा, मॅन्युअलमधला वेळ थांबा, बॅगेचा प्लग काढून तिथे रेझिस्टर लावा, बॅटरी परत जोडा आणि मग कोड वाचणारा स्कॅनर जोडा. कोड गेला तर दोष बॅगेत किंवा तिच्या प्लगात. राहिला तर खाली, क्लॉक स्प्रिंग किंवा हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात. तो तसाच ठेवून गाडी रस्त्यावर काढलीत तर युनिट खूश, आणि धडकेच्या वेळी तापेल फक्त रेझिस्टर.

माझ्या गाडीत दिवा फक्त पार्किंग करताना लागायचा. रेझिस्टर लावून स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवलं. सरळ असताना 2.2 ओहम. डावीकडे एक फेरा, तरी 2.2. अजून पाव फेरा, आणि एकदम 6.8, जरा मागे घेतलं की पुन्हा 2.2. हॉर्न सगळा वेळ वाजत होता, शेजारी वैतागले. दोन महिने आधी स्टिअरिंग रॅकचं (चाकं वळवणाऱ्या दांड्याचं) काम झालं होतं, तेव्हा स्टिअरिंगचा कॉलम मोकळा फिरला आणि रिबनचा मध्य सरकला असावा.

तुमच्याही प्रतिक्रियेत रॅक बदलल्याचा ओझरता उल्लेख आहे. कामाच्या आधी दिवा कधी लागला होता का? आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना आकडा कुठे उडी मारतो, तेवढं कळवा.