विश्वास, कर्मे आणि तुमच्या आजीचे उपवास

नमस्कार,

विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस विश्वासानेच देवापुढे नीतिमान, म्हणजे देवाला मान्य, ठरत असेल, तर वसईतल्या तुमच्या आजीने जन्मभर केलेले चाळीस दिवसांचे उपवास, रोजरीची प्रार्थना, दानधर्म, सगळं पाण्यात गेलं. ही शिकवण आळशाच्या सोयीची आहे. आणि याकोबाने तर बायबलच्या नव्या करारातल्या आपल्या पत्रात स्वच्छ लिहून ठेवलंय की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो.

याकोबाचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून आधी तोच घेतो. विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण मांडणारा प्रेषित पौल आणि याकोब दोघेही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच दाखला देतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात, म्हातारा, निपुत्रिक अब्राहाम आकाशातले तारे बघत उभा आहे, देव त्याला संततीचं वचन देतो, तो विश्वास ठेवतो आणि तेवढ्यावरच नीतिमान गणला जातो. सुंता होते १७व्या अध्यायात, वयाच्या ९९व्या वर्षी, म्हणजे मधे तेरा वर्षांहून जास्त काळ गेलेला. मोशेचं नियमशास्त्र तर अजून कित्येक पिढ्या लांब. रोमकरांना लिहिताना पौल नेमका याच क्रमावर अडून बसतो: आधी काय झालं आणि नंतर काय? याकोब त्याच माणसाला पुढे २२व्या अध्यायात गाठतो, मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवताना, आणि म्हणतो की त्या कृतीने त्याचा विश्वास पूर्ण झाला. तोंडाने विश्वास म्हणायचं आणि उघड्यावाघड्या, उपाशी भावाला नुसताच आशीर्वाद देऊन वाटेला लावायचं, हे याकोबाला खपत नाही. पौलाला तरी कुठे खपतं? ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?’ हा तुमचाच प्रश्न त्याने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतः विचारलाय आणि ठामपणे झिडकारलाय.

बरं, पौल काही धर्मकर्मात कच्चा म्हणून असं बोलत नव्हता. आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, परूशी म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. ही सगळी जमेची बाजू ख्रिस्तापुढे तोट्याची ठरली, असं तो फिलिप्पैकरांना लिहितो.

आळसाबद्दल म्हणाल, तर पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडमधला. नंतर आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की तब्बल आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. विद्वत्ता, समाजकार्य, त्याग, काय कमी होतं त्यांच्याकडे? तरी मन निवांत नव्हतं. ते निवांत झालं ख्रिस्ताच्या पुण्याईवर विसंबल्यावर. मग त्या हातावर हात ठेवून बसल्या का? १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या, केडगावला निराधार बायका-मुलींसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबत राहिल्या.

‘हे तुमचं प्रोटेस्टंट खूळ’ हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आऊग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन (मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चेसच्या जागतिक महासंघाने एकत्र सही करून जाहीर केलं की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासात, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे. मतभेद त्यानंतरही उरले, पण एवढं दोघांनी मिळून म्हटलंय.

मी हे इतकं तळमळीने का लिहितो, तेही सांगतो. आमच्या मंडळीतल्या एक आजी, एकही रविवार न चुकवणाऱ्या, शेवटच्या आजारात माझा हात घट्ट धरून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, “माझं पुरेल ना रे?” कष्टाच्या हिशेबावर उभ्या असलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. मी त्यांना येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराची गोष्ट वाचून दाखवली. त्याच्याकडे दाखवायला एकही उपवास नव्हता, आणि “आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील” हे त्याला येशूकडून ऐकायला मिळालं.

तुमच्या आजींच्या उपवासांना मी फुकट गेले म्हणणार नाही, म्हणवत नाही. येशूवरच्या प्रेमापोटी त्यांनी ताटातला घास बाजूला ठेवला असेल, तर त्यांना पुढच्या हिशेबाची धास्तीही नसेल. तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय. तशी धास्ती त्यांना होती का, हे तुम्हीच सांगू शकाल. जमलं तर लिहा.