पाचट पेटवणाऱ्याचा झेंडा कोणता?

दादा, तुमचं म्हणणं असं की पर्यावरण हे ठरावीक विचारांच्या शहरी लोकांचं खूळ आहे, आपल्याकडचा शेतकरी सरकारवरच्या रागानं पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरलेला वाळला पाला, पेटवतो, आणि लेखात मी हे टाळलं. टाळलं नाही, पटत नाही.

माणसाचं मत आणि त्याची रोजची वागणूक यांचा मेळ बसतोच असं नाही. अमेरिकेत सुमारे ६०० जणांना वर्षभर पुन्हा पुन्हा विचारून केलेला एक अभ्यास २०१८ साली आला. हवामानबदलाची सर्वांत जास्त काळजी करणारे सरकारी उपायांच्या बाजूनं होते. पण बसनं जाणं, तीच पिशवी परत वापरणं असल्या गोष्टींत, ज्याच्या त्याच्या सांगण्यानुसार, शंकेखोरच पुढे निघाले.

आता लातूर-धाराशिवचा ऊस घ्या. तोडणी लांबून एप्रिल उजाडला की खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाण्याची घाई. सरीत पाचट अडकलं की आठ तासांच्या लाईटीत भिजवण उरकत नाही. काडी ओढली की रान मोकळं. यात पक्ष कुठून आला?

पाचट ठेवायचं तर ते बुडख्यांवरून, म्हणजे तोडणीनंतर उरलेल्या खुंटांवरून, सरीत ओढा. बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटा, नाहीतर वरच्या डोळ्यांतून लेचेपेचे कोंब येतात. मग पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. युरिया बहुतेक जण वगळतात आणि तिथंच फसतात. युरियातून नत्र मिळतं; पाचटात ते फार कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू ते जमिनीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. खापर पाचटावर फुटतं, पुढच्या साली पुन्हा काडी. पाणी सरकत नसेल तर एका सरीत पाचट, शेजारच्या सरीत पाणी. ठिबकवाल्यांना ही कटकट नाही. मात्र पाचटाखाली उंदरांनी नळी कुरतडली तर पटकन दिसत नाही.

तुमचं एक खरं. सामाईक कामात झेंडा येतोच. नाले खोल करून पाणी अडवायची सरकारी योजना, जलयुक्त शिवार, घ्या. ते डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, सरकार बदलल्यावर गुंडाळलं, पुन्हा बदलल्यावर दुसरा टप्पा म्हणून आलं. नाला तोच, गाळही तोच! घरच्या पाचटाला ग्रामसभा लागत नाही, नाल्याला लागते; म्हणून तिथं ‘कुणाच्या काळात झालं’ हे आधी निघतं.

रागानं पेटवणारा असेलही एखादा. पण तोडणीआधी ऊसतोड टोळीच्या मुकादमाला ‘बुडापासून तोडा’, म्हणजे मागून बुडखे छाटायची वेळ येणार नाही, असं सांगितलं होतं का, एवढं त्याला विचारून बघा.