तारीख कोणती धरायची?

नानाचा भाचा पुण्यात शिकायला आहे. त्याचा मामाला फोन आला, की आम्ही पाच-सहा जण जळगावात एक कार्यक्रम करतोय, समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांच्या इतिहासावर. फोटो, जुनी कात्रणं, कविता, गप्पा. जूनमध्ये. मामा, हॉल बघून ठेव. नानानं ही बातमी काव्यरत्नावली चौकाजवळच्या आमच्या टपरीवर मांडली, तीही आवाज खाली घेऊन. आमच्याकडे कुणी आवाज खाली घेतला की टपरीवाला आधी गॅस बारीक करतो, ऐकू यावं म्हणून.

पहिला आक्षेप बापूचा. बापू अमळनेरकडचा, अजून अहिराणीतच भांडतो. त्याचा आक्षेप विषयाला नव्हता, महिन्याला होता. "जूनमां कोन येई रे भो? बठ्ठा लोके कपाशीमां ऱ्हातस."

अप्पाचा मात्र विषयालाच होता. अप्पा एसटीतून निवृत्त झालाय आणि त्याला प्रत्येक गोष्ट वेळापत्रकात बसवायची सवय आहे. "कोर्टानं सोडलं ना त्यांना? २०१८ लाच सोडलं. मग आता कार्यक्रम कशाला? घरात काय करायचं ते करा, कोण अडवतंय. चौकात कशाला आणायचं?"

"हॉलमध्ये आहे," नाना म्हणाला.

"हॉल चौकातच असतो."

"तुना पोऱ्याना लगीनमां तीन घंटा चौक बंद व्हता, तवय?" बापूनं विचारलं. अप्पा म्हणाला, लग्नाची गोष्ट वेगळी. त्यावर वकील लगेच पुढे सरकले, कारण लग्न हा त्यांचा प्रांत. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून काढलं ते एवढंच, की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. लग्नाचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाली निघाला तो नकारावर. तो अधिकार कोर्ट देऊ शकत नाही, संसदेनं बघावं. "म्हणजे अप्पा, तुझ्या पोरानं चौक अडवला तसा अडवायची सोय त्यांना नाहीच अजून." अप्पानं चहा मागवला. हरत आला की तो चहा मागवतो.

मग मास्तरांनी जूनचं कारण सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाचा बार होता. २८ जून १९६९ ला पहाटे तिथं पोलिसांची धाड पडली आणि त्या वेळी लोक मुकाट गाडीत बसले नाहीत, उलटले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मिरवणूक निघाली, तेव्हापासून जून. पण जूनच का, असं त्यांच्याकडच्यांनाही वाटत असावं. अमेरिकेत १९९४ ला इतिहासाच्या एका शिक्षकानं या इतिहासासाठी वेगळा महिना सुरू केला, ऑक्टोबर, कारण तेव्हा शाळा चालू असतात. इंग्लंडात तोच महिना फेब्रुवारीत, २००५ पासून. हे सांगताना मास्तर जरा फुलले. इतिहासाच्या शिक्षकानं काही सुरू केलंय असं त्यांना वर्षानुवर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं.

आपल्याकडेही कुणी जूनला बांधलेलं नव्हतं. कोलकात्यात २ जुलै १९९९ ला अशा मोर्चात जेमतेम पंधरा जण चालले. बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्ली हायकोर्टाचा ३७७ विरुद्धचा नाझ फाउंडेशनचा निकाल आला, तो निव्वळ योगायोग. मुंबईचा मोर्चा २००८ ला ऑगस्टमध्ये निघाला, ऑगस्ट क्रांती मैदानावरून. पुण्याचा पहिला २०११ च्या डिसेंबरात.

"म्हंजे जो तो आपली तारीख लई बठना," बापू म्हणाला. "मंग आपली कोनती?"

इथून वाद खरा रंगला. वकिलांनी बोट वर केलं. २ जानेवारी. कुणाच्याच लक्षात येईना. मग त्यांनी गाव सांगितलं: भादली बुद्रुक. भुसावळकडे जाताना जळगावनंतरचं स्टेशन, जिथं एक्स्प्रेसवाले खिडकीतून बघतही नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवरून अर्ज भरला. छाननीत अर्ज बाद झाला. कारण काय, तर तुम्ही तृतीयपंथी, आणि तृतीयपंथीयांसाठी राखीव जागाच नाही. तारीख ३१ डिसेंबर, मतदान १५ जानेवारीला. दुसरा कुणी घरी बसला असता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि २ जानेवारी २०२१ ला न्या. रवींद्र घुगे यांनी तो निर्णय फिरवला. आधार होता सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नाल्सा निकालाचा आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याचा: आपलं लिंग काय हे ती व्यक्ती स्वतः ठरवेल. अट एवढीच, की स्त्री म्हणून अर्ज भरलाय तर पुढेही स्त्रीच, सोयीनं बदलायचं नाही. १८ तारखेला मतं मोजली, अंजली पाटील निवडून आल्या.

"तीनशे त्र्याहत्तर भाषणं ऐकली असतील मी लोकशाहीवर," मास्तर म्हणाले, "पण वॉर्डातल्या माणसांनी मत दिलं, हे कुठल्याच भाषणात नव्हतं." मला यातली मतांचीच बाजू मोठी वाटते. निकाल न्यायाधीशांनी दिला. मत देणारे मात्र भादलीचे शेतकरी, मजूर, बाया, ज्यांना नाल्सा म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढे २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीनं रावेरमधून तृतीयपंथी शमिभा पाटील यांची उमेदवारी जाहीर केली, तीही याच जिल्ह्यात. असा इतिहास दारात असताना प्रदर्शनाचा पहिला फोटो न्यूयॉर्कच्या बारचा का लावायचा, हा माझा भाच्याला प्रश्न आहे. बार लावा, पण तिसऱ्या भिंतीवर.

मास्तरांना आणखी मागं जायचं होतं. पेशवाईत हिजड्यांना सनदा असत, भिक्षेचा हक्क, थोडी रोकड, कुठं जमीन. खानदेश १८१८ ला इंग्रजांकडे गेला, आणि पुढे शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारनं ही वतनं बंद करत आणली. उत्तरेत तर १८७१ च्या कायद्यानं त्यांची नोंदवही ठेवली. नोंद झालेल्यानं रस्त्यावर बाईच्या कपड्यात दिसायचं नाही, नाचायचं नाही, नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद. "आणि आपण म्हणतो, हे सगळं इंग्रजांबरोबर आलं. इंग्रजांबरोबर कलम आलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी गडाचं काढलं. सप्तशृंगीचं माहेर खानदेश, चैत्रात आपल्याकडून लोक पायी जातात. कोजागरीला त्याच गडावर ठिकठिकाणचे तृतीयपंथी जमतात, देवीचा छबिना निघतो. "सुरुवात तिथून करा ना. एवढं जुनं कुणाकडे आहे?"

तोवर सिस्टर आल्या होत्या. ड्यूटी सुटली की त्या घरी जायच्या आधी अर्धा कप घेतात आणि उभ्यानंच घेतात. त्यांनी मास्तरांना सरळ थांबवलं.

"गड त्यांचा आहे, सर. गुरू, चेले, नवस, सगळं त्यांचं चालत आलेलं. तुम्ही फोटो काढून आणून हॉलमध्ये लावणार आणि म्हणणार, बघा आमचा इतिहास. त्यांना विचारलंय?"

कुणी विचारलं नव्हतं.

"आणि दुसरं. गडावर पाया पडणं सोपं आहे. बाळ झालं की दहा-वीस रुपये हातावर ठेवून आशीर्वाद घेणं सोपं आहे. तोच माणूस, पोरगा म्हणाला मला मुलगी बघू नका, तर आधी भगताकडे नेतो, मग डॉक्टरकडे. डॉक्टरनं असं 'सुधरवणं' हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ ला सांगितलंय. मी स्वतः एका बापाला मोबाइलवर ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, आमच्या समाजात नाही चालत आयोग. पंधरा दिवसांत मुलगी बघायला गेले." त्यांनी कप ठेवला. "मुलींचं तर नावच काढू नका. दोन मैत्रिणी एका खोलीत राहतात म्हटलं की घरमालक खूश, पोरं येणार नाहीत म्हणून. त्यांचा इतिहास कुठं लावणार? त्यांचं कात्रण नाही, निकाल नाही, छबिना नाही."

यावर मास्तरांकडेही उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की ते चष्मा पुसतात. नाना म्हणाला, एक भिंत रिकामी ठेवू, ज्याला लिहायचंय त्यानं नाव न घालता चिठ्ठी लावावी. सिस्टरना हे नाटकी वाटलं, मलाही. पण चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी आणि ती दाराबाहेर नसावी, म्हणजे कोण टाकतंय ते चौकातून दिसणार नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. मुंबईच्या मोर्चात माणूस गर्दीत मिसळून जातो. इथं रिंगरोडवर हेल्मेट घालून गेलात तरी लोक गाडीच्या नंबरवरून बापाचं नाव सांगतात. पुण्याच्या पोरांना हे सांगायला हवं.

भाच्याला स्पीकरवर घेतलं. तो आधी हिरमुसला. जूनमध्ये सगळीकडे असतं, मित्र येणार होते. मग भादलीचं ऐकून गप्प झाला आणि म्हणाला, हे मला कुणी सांगितलंच नाही कधी. जानेवारी चालेल. बापूनं तेवढ्यात जेवण ठरवून टाकलं, जानेवारीत भरताची वांगी असतातच.

राहिला फॉर्म. हॉलचा फॉर्म एका पानाचा, वकिलांकडे त्याची प्रत होती. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात अप्पा म्हणाला साहित्यिक लिहा, कुणी विचारणार नाही. वकील म्हणाले, तेच नको. खोटं स्वरूप लिहिलं की आदल्या रात्री रद्द करायला त्यांच्या हातात कारण येतं. पूर्ण विषय लिहिला. पुढचा रकाना, 'आयोजकाचे नाव व पत्ता'. सगळ्यांनी नानाकडे बघितलं.

"भाच्याचं नको," नाना म्हणाला. "घरी माहीत नाही त्याच्या."

इतका वेळ आम्ही तारखांवर भांडत होतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मनं नाव लिखी टाक," बापू म्हणाला.

"तुझं लिहिलं तर लोक बियाण्याचा मेळावा समजून येतील," वकील म्हणाले, आणि स्वतःचं लिहिलं. फोन नंबर बापूचा. माहितीपत्रकाचं मुद्रितशोधन मास्तरांकडे. गडावरच्या आणि भादलीच्या माणसांना भेटायला सिस्टर जाणार, आणि त्यांनी हो म्हटलं तरच त्यांचा फोटो.

अप्पा उठला, पैसे दिले, दोन पावलं गेला आणि परत आला. "चहा-नाश्त्याचं माझ्याकडे. पण माझं नाव कुठं लिहू नका."