‘कोडी सुटतात, मग प्रश्न का कळत नाही?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑटिझममधल्या (स्वमग्नतेतल्या) बुद्धीच्या चढउतारांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धी कुणाचीच सगळीकडे सारखी चालत नाही, मग ऑटिझममध्ये त्याचं एवढं कौतुक कशाला? आणि तुमचा भाचा अवघड कोडी चुटकीसरशी सोडवतो, पण साध्या प्रश्नाला गप्प बसतो. तुमच्या मते हा कामचुकारपणा आहे आणि मी त्यावर मेंदूचं पांघरूण घालतो आहे.

चढउतार सगळ्यांतच असतात, मान्य. मुद्दा ते किती खोल असतात हा आहे. २००७ साली संशोधक मिशेल डॉसन, लॉरां मोत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या दोन बुद्धिमापन चाचण्या ताडून पाहिल्या. वेक्सलरच्या चाचणीचा बराचसा भाग बोलून विचारायचा आणि बोलून उत्तर द्यायचा. रेव्हनच्या चाचणीत आकृत्यांमधला गाळलेला तुकडा ओळखायचा. शेवटच्या आकृत्या मोठ्यांनाही घाम फोडतात, तेव्हा तिला सोपी म्हणायची सोय नाही. तीच मुलं या दुसऱ्या चाचणीत सरासरी ३० पर्सेंटाइलनं, म्हणजे शंभर जणांच्या रांगेत ३० जागांनी, वर गेली. ऑटिझम नसलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. (पुढच्या काही अभ्यासांत ही दरी इतकी रुंद निघाली नाही, तरी प्रश्न उरतोच.)

आता कामचुकारपणा. २००९ साली इझाबेल सुलिएर यांच्या गटानं ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन गटांना रेव्हनसारखी कोडी मेंदूच्या स्कॅनरमध्ये सोडवायला दिली. बरोबर उत्तरांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, पण ऑटिझम असलेल्यांचा वेग ४० टक्क्यांपर्यंत जास्त होता. त्यांच्या मेंदूचा मागचा, दृश्यं हाताळणारा भाग जास्त राबत होता, कपाळामागचा कमी. म्हणजे उत्तर तेच, वाट निराळी. आकृतीत सगळी माहिती डोळ्यांसमोर थांबलेली असते, तिथे ही वाट जवळची ठरते. बोललेला प्रश्न थांबत नाही. शब्द पकडा, लक्षात धरा, विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते ताडा, वर उत्तर जुळवा. पहिल्या कामातलं यश दुसऱ्यातल्या आळसाचा पुरावा कसा होईल?

स्कॅनच्या रंगीत चित्रांवर तुमचा भरवसा नाही, त्यात मी तुमच्याच बाजूचा आहे. ती गटाची सरासरी असते; त्यावरून एका मुलाचं निदान होत नाही. मेंदूचे दूरचे भाग एकमेकांशी नीट जोडलेले नसतात, हा लोकप्रिय सिद्धांत मी लेखात घेतला नाही तोही याच कारणानं: स्कॅनरमध्ये डोकं किंचित हललं तरी ही जोडणी कमी भासते, हे २०१२ च्या सुमारास पुढे आलं.

भाच्याला एकदा तोच प्रश्न कागदावर लिहून द्या आणि उत्तरासाठी घाई करू नका. काय होतं ते इथे जरूर कळवा.